बिनटचिंगचा फोटो

मी आजारी आहे, खोटारडी नाही. हे मला आमच्या मदतीच्या पानाखाली ठणकावून लिहायचं होतं, पण भाचीने मोबाईल काढून घेतला. "मामी, तू आता भांडू नकोस. धाप लागते तुला."

धाप लागते म्हणूनच तर सगळा खटाटोप. माझ्या हृदयाची एक झडप आक्रसली आहे, ती बदलायची. खर्च ऐकून आम्ही दोघं नवराबायको डॉक्टरांसमोर मख्खासारखे बसून राहिलो. ह्यांचा फोटो स्टुडिओ विकला तरी भागणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फार थांबू नका, जिवावर बेतेल. मग नणंदेच्या या लेकीने इंटरनेटवर पान उघडलं, लोक ऑपरेशनसाठी मदत करतात तसलं. मजकूर तिने लिहिला, दवाखान्याचे कागद तिने चढवले आणि फोटोचं काम साहजिकच मामाकडे दिलं. घरात फोटोग्राफर असताना दुसऱ्याला कोण सांगणार?

तिथेच माशी शिंकली. आमच्या ह्यांच्या दुकानातून टचिंग केल्याशिवाय एकही फोटो बाहेर पडत नाही. साधा पासपोर्टचा असला तरी हे कॉम्प्युटरसमोर बसणार, मुरुम पुसणार, डोळ्यांखालचं काळं काढणार आणि थकल्याभागल्या माणसाला झोप झाल्यासारखा करून पाठवणार. माझाही त्यांनी तसाच केला. हल्ली माझे ओठ जांभळट पडतात, ते छान गुलाबी झाले. गालांवर तजेला आला. त्या पानावर मी अशी दिसत होते की माझा मलाच हेवा वाटावा.

मग लोकांनी काय म्हणायचं? "बाई ठणठणीत आहे की." "आमच्यापेक्षा तब्येत बरी." एकाने तर फोटोत फेरफार केल्याचं पुराव्यासकट दाखवून दिलं. झालं. त्या साइटवाल्यांनी मदत घेणं थांबवलं आणि कळवलं, खरा फोटो द्या, नाहीतर पान बंद.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच जिना उतरून खाली स्टुडिओत गेले. कठडा धरून उभी राहिले, श्वास जाग्यावर आल्यावर म्हटलं, "अहो, चांगली शोभा केलीत माझी."

"सवयीने झालं गं," ते म्हणाले.

"मग मूळचा फोटो द्या."

"तो नाही आता." गिऱ्हाइकांचे मूळ फोटो हा माणूस वर्षानुवर्षं जपून ठेवतो. माझा पुसून टाकला होता.

"नवा काढा," मी म्हटलं आणि स्टुलावर जाऊन बसले. भाची मागोमाग आलीच होती. हे पांढरी छत्री लावून उजेड मऊ करायला लागले, तशी मी ओरडले, "तो दिवा सरळ तोंडावर मारा."

"वाईट येईल."

"मला काय आता स्थळं बघायचीत?"

भाची फिसकन हसली. हे हसले नाहीत. फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला. पडद्यावर माझं तोंड परातीएवढं झालं, जांभळे ओठ, सुजलेले डोळे, सगळं. मलाही बघवेना, पण बघितलं. ह्यांचा हात माऊसवर गेला.

"हात काढा," मी म्हटलं.

"तुम्ही दोघी वर जा. मी देतो पाठवून."

"मी इथून हलणार नाही. ओळखत नाही का मी तुम्हाला?"

त्यांनी हात काढला, पण मान वर केली नाही. "सवयीने नाही केलं मी," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन लोक येतात ना, मोठा करून द्या म्हणून? कधी आजारपणातला असतो, कधी गर्दीतून कापलेला. तुझा काढताना मनात आलं, उद्या तशी वेळ आली तर... निदान फोटो तरी चांगला असू दे."

भाची रडायला लागली. मला राग आला.

"म्हणजे मी समोर बसले होते आणि तुम्ही माझा भिंतीवरचा फोटो करत होतात?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मला जगायचंय हो," मी म्हटलं. "त्यासाठी फोटो पाहिजे. भिंतीसाठी नको."

त्यांनी डोळे पुसले आणि तो फोटो होता तसा पाठवला. पान पुन्हा सुरू झालं. रक्कम जमायला वेळ लागला, मध्ये नाकी नऊ आले, पण भाचीने पिच्छा सोडला नाही आणि मीही. शेवटी दवाखान्याने दाखल व्हायला बोलावलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी स्टुडिओत गेले. "तो गुलाबी ओठांचा फोटो अजून आहे ना?"

"आहे."

"पुसा."

"अगं, असू दे की एक."

"पुसा म्हणते ना. मी परत आले की हवे तेवढे काढा."

त्यांनी तो एकदा पडदाभर मोठा करून बघितला. मग पुसला. भिंतीवर लावायला आता त्यांच्याकडे माझा अलीकडचा एकही चांगला फोटो नव्हता. दुकानाचं शटर ओढून आम्ही दवाखान्याची पिशवी भरायला वर गेलो.