आठ नंबरचा पंखा

उर्से टोलनाक्याच्या मागे गुलाबाचं शीतगृह आहे. फेब्रुवारीचा माल आत येऊन पडला होता आणि पंखे काही धड चालेनात. बारा पंखे, प्रत्येकाला त्याचा वेग सांभाळणारा एक ड्राइव्ह, सगळे ड्राइव्ह एकाच केबलवर आणि त्यांच्यावर हुकूम सोडणारा पीएलसी. पीएलसी एकेक नंबर पुकारतो, ज्याचा नंबर त्यानं ओ द्यायची. एवढंच काम. पण सात नंबर मधेच ओ देई, मधेच गप्प, आणि आठ नंबर ढिम्म. हे सगळं चालू करून देणारी इंजिनिअर मी, तीन दिवस माझी नुसती चिडचिड.

"केबल नीट ओढलेली नाही," मी जाहीर करून टाकलं. केबल ओढली होती सोपानभाऊंनी, कुरवंड्याच्या वायरमननी. वय छप्पन्न. सात आणि आठमधली केबल त्यांनी दोनदा बदलली, तोंडातून चकार शब्द नाही. मला त्या गप्प बसण्याचाच जास्त राग येत होता.

चौथ्या दिवशी सकाळी आमचे मॅनेजर यशोधन सर म्हणाले, "अश्लेषा, कुणामुळे अडलंय? मला नाव पाहिजे."

मी नाव दिलं. दहा मिनिटांत भाऊंचा गेटपास काढून घेतला. पिशवी उचलून ते म्हणाले, "येतो मॅडम." मी लॅपटॉपमधून मान वर केली नाही.

दुपारी दुसरा वायरमन आला. त्यानं केबल तिसऱ्यांदा बदलली. आठ नंबर ढिम्मच. आता मात्र मीच शिडीवर चढून आठव्या ड्राइव्हचं झाकण उघडलं. आत नंबर लावायच्या दोन छोट्या चकत्या असतात. सगळे नंबर मीच लावलेले, म्हणून ते तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिथं सात होता. सातव्यावरही सात. दोघं एकदम ओ देत होते, आणि आठ नावाचं कुणी नव्हतंच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते हेच.

चकती एक घर पुढे सरकवली. बाराही पंखे फिरले. खाली टाळ्या वाजल्या. मला शिडी उतरवेना, इतकी लाज वाटत होती.

सरांना खरं ते सांगितलं. भाऊंना परत बोलवा म्हणून हात जोडले.

"चालू झालं ना? मग विषय संपव. कॉन्ट्रॅक्टरनं दुसरा माणूस दिलाय. रिपोर्टात केबल लिही."

मी 'केबल' लिहिलं. मग खोडलं, तिथं माझं नाव लिहिलं आणि कागद थेट शीतगृहाच्या मालकांच्या हातात दिला. सर लालबुंद झाले. भाऊंना गेटपास काही परत मिळाला नाही.

बाहेर येऊन त्यांना फोन लावला. "भाऊ, चूक माझी होती. दोन ड्राइव्हला..."

"सात आन् सात," ते म्हणाले. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापास्नं. झाकनं मीच लावली न्हवं का."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"देहूरोडच्या साइटवर बोललो व्हतो मॅडम. तवा तुमी समद्यांम्होरं म्हनला, भाऊ, तुमी वायर ओढा, डोकं मी चालवते. तवापास्नं मी वायरच ओढतो."

ती साइट मला आठवली. मी असं बोलले होते, हे मात्र काही केल्या आठवेना.