थापाड्या बोर्डाची एक दुपार

मी एक जुना बोर्ड आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मित्रांनो, नाही बसला तरी माझी मुळीच तक्रार नाही. एका दुपारी तिघांचा बसला होता, आणि त्यापायी माझ्या जिवाचं जे पाणी पाणी झालं ते माझं मला ठाऊक.

त्या दुपारी मी मिस्त्रीकाकांच्या शेडमध्ये टाकाऊ लाकडाच्या ढिगात उभा होतो. मिस्त्रीकाका म्हणजे सुतार. माझ्या एका बाजूला मोडक्या खिडकीची चौकट, दुसऱ्या बाजूला एक पाय गमावलेलं स्टूल. समोर तीन विटांची चूल, आणि चुलीवर सरसाचं भांडं. सरस म्हणजे लाकडाला लाकूड चिकटवायचा गोंद. तो सतत गरम लागतो, आणि तो गरम ठेवायला आमच्यातलाच एकेक जण चुलीत जातो. सकाळी माझ्या पुढ्यात एक ड्रॉवर होता, मोठा बोलका. दुपारी तो नव्हता. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. मी थोडा ओला होतो, त्यामुळे ही म्हण मला जास्तच झोंबत होती.

इतक्यात तीन मुलं आत आली. शेजारचीच भावंडं. पुढे ताई, तिच्यामागे दाराच्या चौकटीला डोकं आपटत लंबू, आणि शेवटी धाकटी, जिला तिच्या जिभेमुळे सगळे मिरची म्हणत.

"काका, झोपाळ्याला फळी हवीय," ताई म्हणाली.

मिस्त्रीकाका एका खुर्चीच्या पाठीला सरस लावून ती शिकंज्यात आवळत होते. त्यांनी मानही वळवली नाही.

"ढिगातली घ्या कुठलीही. मला आता उठता यायचं नाही बाळांनो, सरस निवला की सांधा गेलाच म्हणून समजा. पण नीट बघून घ्या रे. पडाल तुम्ही, आणि तुमची आई येईल माझ्याशी भांडायला."

"आणि ज्या नकोत त्या?" लंबूने विचारलं.

"त्या चुलीत."

हे ऐकून मी हिशेब केला. एकच फळी वाचणार होती! लंबूचा हात खिडकीच्या चौकटीकडे गेला. मग मात्र माझ्याने राहवलं नाही.

"शुक, शुक!" मी म्हणालो.

"कोण बोललं?" लंबू दचकला.

"मी. वर काय बघतोस, खाली बघ."

तुम्ही म्हणाल, मिस्त्रीकाकांना कसं ऐकू गेलं नाही? मोठ्या माणसांना लाकडाचं बोलणं ऐकूच येत नाही. आलंच, तर त्यांना वाटतं वाळवी लागली.

"मला साधी फळी समजू नका," मी मान ताठ करून म्हणालो. "मी बोर्ड आहे. इंग्रजीतला तो बोर्ड शब्द आहे ना, तो माझ्यावरून पडला."

तिघंही मटकन खाली बसली. एकदा ऐकणारे बसले की थाप मारणाऱ्याला उभं राहायला जागा मिळते. मी सुरू झालो.

"जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी. आणि अगदी तशाच आवाजाचा दुसरा एक शब्द होता, त्याचा अर्थ कड, जहाजाची बाजू. दोन वेगळ्या घरची मुलं एकाच अंगणात खेळत वाढावीत, तसे हे दोन शब्द वाढले. इतके एकमेकांत मिसळले, की पुढे कोणाचे कपडे कोणाच्या अंगात, कळेना. तर मी त्या जहाजाच्या कडेची फळी होतो. म्हणजे दोन्ही अर्थ एकट्या माझ्यात!"

"जहाजावर होतास?" लंबूचे डोळे विस्फारले.

"होतास म्हणजे? त्या काळी सुकाणू मागे नसायचं. उजव्या कडेला एक मोठं वल्हं बांधलेलं असायचं, त्यानं जहाज वळवायचं. म्हणून तर खलाशी जहाजाच्या उजव्या बाजूला अजून स्टारबोर्ड म्हणतात. सुकाणूची कड! ते वल्हं कोणाला बांधलं होतं? मला."

मिरचीने नाक पुढे करून मला हुंगलं. "समुद्राचा वास नाही येत. सरसाचा येतोय."

"अगं, समुद्र प्यायलोय मी, समुद्र!" मी घाईघाईने म्हणालो. "उभं आयुष्य पाण्यात काढलं, पण अंगाला कधी फुगवटा म्हणून आला नाही."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. लाकडाला टाळू नसते, म्हणून मी आणखी लांब गेलो. जहाज मोडलं, मग मला किनाऱ्यावर नेऊन दोन घोड्यांवर आडवं टाकलं (जिवंत घोडे नव्हेत, लाकडी). लोक माझ्यावर जेवू लागले. मग बोर्ड म्हणजे जेवणाचं टेबल झालं. पुढे टेबल राहिलं बाजूला, आणि बोर्ड म्हणजे जेवणच झालं. राहायचं आणि जेवायचं जिथे, ते बोर्डिंग.

"आई मला तिथेच ठेवणार म्हणते," मिरची म्हणाली.

"जेवणं झाली की शहाणी माणसं माझ्याभोवती बसून निर्णय घ्यायची. मग त्या माणसांनाच लोक बोर्ड म्हणायला लागले. मोठमोठी मंडळं, परीक्षा घेणारी..."

"म्हणजे बोर्डाची परीक्षा तुझ्यामुळे?" लंबू ताडकन उठला.

"माझ्यामुळे नाही रे! माझ्याभोवती बसून लोकांनी..."

"तेच ते! ताई, हा चुलीत जाऊ दे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी लगेच विषय बदलला. घोडागाडीच्या पुढे मला कसं ठोकलं, घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून मी तो छातीवर कसा झेलला, आणि तो डॅशबोर्ड हल्लीच्या मोटारीत घोडा नसतानाही कसा टिकून आहे, ते सांगितलं. भिंतीवर माझ्यावर पेले मांडले ते कपबोर्ड, हेही सांगितलं. त्याला तेव्हा दारं नव्हती, नुसती फळी.

"आणि कीबोर्ड?" मिरची.

"धाकटा भाऊ."

"स्विचबोर्ड?"

"आत्तेभाऊ. फार तापट. त्याला ओल्या हाताने शिवू नकोस."

ताई हसली. मला दोन्ही हातांनी उचलत म्हणाली, "ठरलं. हाच घ्यायचा. ज्यानं समुद्र झेलला, तो आपल्याला काय झेलणार नाही!"

मित्रांनो, मला वाटलं, जिंकलो. दारातून बाहेर नेताना मी चुलीकडे ऐटीत एक नजरसुद्धा टाकली.

"कुठली घेतलीत रे?" आतून मिस्त्रीकाका ओरडले.

"जहाजावरची!" लंबू ओरडला.

"बरं, बरं," मिस्त्रीकाका हसले आणि शिकंज्याला आणखी एक पीळ दिला.

बाहेर, शेडच्या दारासमोरच एक उंच आडवी लोखंडी दांडी होती. तिला दोर आधीच लटकत होते. खाली दगडी फरशी. ताई माझ्या दोन्ही टोकांना दोर आवळून गाठी मारू लागली, आणि मारता मारता सहज म्हणाली, "मिरचीला पहिली पाळी. तिला मी उंच झोका देणार आहे."

तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. मी समुद्र पाहिलेला नाही. मी कारखान्यात जन्मलो. पेन्सिलला टोक करताना जशी साल निघते, तसा एक ओंडका फिरवून फिरवून सोलला, त्याचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवले, गरम दाबाखाली ठेवले, आणि मी झालो. प्लायवूड. तिथून मी इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी मला भिंतीवर बसवलं आणि माझ्यावर त्यांचा जाडजूड शब्दकोश ठेवला. बाई शिकवणीच्या मुलांना एकेका शब्दाची कूळकथा सांगत, आणि मी वर बसून ऐकत असे. बोर्ड शब्दाचे ते सगळे प्रवास मी तिथे ऐकले. फक्त त्यांत मी नव्हतो.

"काय सुरेख फळी आहे हो!" असं येणारा प्रत्येक जण म्हणे. तेच माझे सोन्याचे दिवस. मग भिंतीपलीकडच्या नळाची गळती सुरू झाली. ओल भिंतीतून हळूहळू माझ्या मागच्या कडेत उतरली. "नळवाल्याला बोलवायला हवं," असं बाई म्हणाल्या. मग परीक्षा आल्या, मग पाहुणे आले, आणि नळवाला काही आला नाही. माझी कड फुगली. आतले पापुद्रे एकमेकांशी बोलेनासे झाले. एक दिवस मी मधेच वाकलो, शब्दकोश धाडकन खाली पडला, आणि माझी रवानगी त्या ढिगात झाली. मित्रांनो, घरात कुठे पाणी झिरपत असेल तर आजच बघा. वरून रंग चकचकीत असतो, आणि आतून माणसाला न कळता सगळं सुटत जातं.

तर अशी माझी कड, आणि तिच्यावर आता मिरची बसणार होती. खाली दगड.

बोलावं तर चूल. गप्प बसावं तर लेकरू. मी इकडे आड तिकडे विहीर, असा दोरांवर लोंबकळत होतो. शेवटी धीर करून म्हणालो, "ताई, एक सांगू का? माझी मागची कड जरा नाजूक आहे."

ताई लंबूला म्हणाली, "बघ! खरे शूर लोक असेच बोलतात. नाहीतर तू. एक डास मारलास तर गावभर सांगत फिरतोस."

"अगं, खरंच नाजूक आहे," मी काकुळतीने म्हणालो.

"आणि किती तो विनय!" लंबूसुद्धा विरघळला. "जाऊ दे, परीक्षेचं मी माफ केलं तुला."

माझ्या थापा त्यांना खऱ्या वाटल्या होत्या, आणि खरं बोललो तर तो विनय! थाप एकदा पाहुणी म्हणून घरात आली की मालकालाच ओसरीवर झोपवते. मी आणखी काही बोलायला गेलो, पण मिरची तोवर माझ्यावर चढली होती. तिचे पाय फरशीपासून वर लोंबत होते. तिने दोन्ही दोर घट्ट धरले.

"देऊ का झोका?" ताईने तिच्या पाठीला हात लावला.

मागच्या कडेत काहीतरी हललं. एक पापुद्रा दुसऱ्याला सोडून निघाला, मला स्पष्ट कळलं. शेडचं दार उघडं होतं. आतली चूल लालभडक दिसत होती, आणि मिस्त्रीकाका खुर्ची बाजूला ठेवून हात पुसत होते. म्हणजे आता त्यांना उठता येणार होतं, आणि चुलीत लाकूडही घालता येणार होतं.

बोलून काही उपयोग नव्हता. मग मला आठवलं, लाकडाची आपली अशी एक भाषा असते, तिच्यात थाप मारताच येत नाही. मी अंगात होता नव्हता तेवढा जोर त्या फुगलेल्या कडेत आणला आणि करकरलो. असा करकरलो की दांडीवरची चिमणी उडाली.

"थांब, थांब, थांब!" मिरची किंचाळली आणि टुणकन खाली उतरली.

"घाबरट कुठली," लंबू म्हणाला. "तो गातोय. खलाशांचं गाणं असेल."

"गातोय म्हणे! दात खातोय तो." मिरचीने गुडघे टेकले आणि माझ्या खाली डोकं घातलं. तिची बारीक बोटं माझ्या मागच्या कडेवरून फिरू लागली. आधी रंगावरून, मग फुगवट्यावरून. फुगवट्यापाशी ती थांबली. तिने नख घातलं आणि हळूच ओढलं. एक पापुद्रा तिच्या हातात आला. त्याच्या मागोमाग दुसरा, ओला, काळपट, कुबट वासाचा.

ताईचा हात दोरावरून आपोआप सुटला. लंबूचं तोंड उघडंच राहिलं. मिस्त्रीकाकाही दारात येऊन उभे राहिले होते. माझे किती पापुद्रे उरलेत, ते मी मनातल्या मनात मोजलं. मी डोळे मिटून घेतले.

मिरची उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर ठेवून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

"खोटारड्या! म्हणे समुद्र प्यायलो! अरे, तुला तर वाटीभर पाणीसुद्धा पचलेलं नाही!"