सासूबाईंचं स्तोत्र

टँकर सुरू करण्याआधी तो रोज घरी फोन लावायचा. बायकोला नव्हे, आईला. सासूबाई डोळे मिटून स्तोत्र म्हणायच्या. डोक्यापासून तळपायापर्यंत एकेक अवयव देवाच्या हवाली करायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "जा आता, सावकाश." मग इंजिनाचा आवाज यायचा आणि फोन बंद व्हायचा. बायकोच्या वाट्याला संध्याकाळी एकच शब्द यायचा, 'पोचलो'.

सून ओट्याशी कणीक मळत सगळं ऐकायची आणि कणकेवर नको तेवढा जोर लावायची. नवरा आपला आणि त्याचा जीव सांभाळायचं कंत्राट मात्र सासूबाईंकडे! एकदा ती बोलूनही गेली होती, "आई, मला शिकवा की." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझे उच्चार सैल आहेत गं. उगाच एखादा शब्द चुकायचा." ते तिला फार झोंबलं. तेव्हापासून भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती ओठांतल्या ओठांत स्तोत्र घोकू लागली.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांना आत नेलं तेव्हा त्यांचा फोन सुनेच्या पर्समध्ये होता. तो वाजताच ती व्हरांड्याच्या टोकाला धावली.

"आई आत गेल्यात. आज मी म्हणते."

"तू?" तो हसला. "बरं, म्हण."

सुरुवात झोकात झाली. खांदे झाले, हात झाले, छाती झाली आणि पुढचा शब्द काही केल्या आठवेना. तेवढ्यात पलीकडून त्याने शांतपणे पुढची ओळ म्हटली, मग त्याच्या पुढचीही. एक अक्षर न अडखळता तो पार शेवटपर्यंत गेला.

"तुम्हाला येतं?"

"लहानपणापासून."

"मग रोज आईंकडून कशाला?"

"बाबा शेवटचे गाडी घेऊन बाहेर पडले ना, त्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. आईने म्हटलंच नव्हतं. बाबा परत आले नाहीत. अजून तिला वाटतं, आपल्यामुळेच. रोज म्हटलं की तिच्या घशाखाली घास उतरतो. मला काय, मी ब्रेक बघून निघतो."

सून खांबाला टेकली. इतक्या वर्षांत हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, हाही सल तिच्या मनात उठलाच. "आणि मला कधी सांगणार होतात?" तिने विचारलं.

"तू रोज रागावलेली असतेस, कधी सांगू?" तो म्हणाला. मग इंजिनाचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दुपारी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तो निघाला? स्तोत्राशिवाय?"

"मी म्हटलं."

सासूबाईंचा चेहरा पडला. ओठ आवळले गेले. "सगळं? नीट?"

असा चेहरा सुनेने आरशात कितीदा तरी पाहिला होता. क्षणभर तिला बरंही वाटलं. 'हो, सगळं' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही होता.

"कुठलं सगळं! छातीनंतर अडकले," ती उशी सारखी करत म्हणाली. "पुढचं सांगा ना."

सासूबाईंनी तिचा हात चाचपून धरला. "आधी उच्चार नीट कर. चल, म्हण माझ्या मागून."