बादलीचा शेवटचा टाका

टक्.

निजलेल्या दुपारी एवढाच आवाज झाला आणि कलसोमचा हात थांबला. शेवटच्या टाक्याला दाभणाचं टोक चामड्यात मोडलं होतं.

मध उतरवायची बादली गाईच्या कातड्याची, वेताने शिवलेली. भोकं पाडायची ती हाडाच्या टोच्याने. पोळं कापायची सुरीही हाडाचीच. झाडावरची मधमाशी म्हणजे लोखंडी भाल्याने मारलेली, मरून माशी झालेली दासी; लोखंड जवळ आलं की ती चवताळते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण मांडीवर तापाने किरकिरणारी लेक लैली, राठ कातडं, आणि टोचा बोथटलेला. तिने शिवणाच्या डब्यातला लोखंडी दाभण घेतला होता.

अंगणातून मध काढणाऱ्यांच्या म्होरक्याची, म्हाताऱ्या पाक लाहची हाक आली.

"जुसोह! बायको बादली शिवतेय की अख्खी गाय?"

"गायच! वर चढून दूधही काढू!" म्हणत तिचा नवरा हसत जिना चढून आला.

कलसोमने मोडका दाभण त्याच्या तळहातावर ठेवला.

"टोक?"

"बुडात. दोन पदरांच्या मध्ये." तिने बादली पुन्हा मांडीवर ओढली. "उसवते मी. उद्या जा."

"आजची शेवटची अंधारी रात्र. उद्यापासून चंद्र. उजेडात मशालीच्या ठिणग्यांमागे माश्या जात नाहीत, माणसावर येतात. आणि पुढच्या अवसेपर्यंत पाऊस, पोळी रिकामी."

"मग पाक लाहना सांगा."

"हळू! कळलं तर यंदा कुणी झाडाला हात लावणार नाही. वस्ती वर्षभर खाणार काय?"

"तर दुसऱ्या कुणाला चढू दे."

जुसोहने दाभण कमरेच्या लुंगीत खोचला, मग काहीतरी आठवल्यासारखं होऊन तो काढून खिडकीबाहेर भिरकावला.

"लोखंड आपल्या घरचं आणि चढायचं दुसऱ्याने?"

त्याने बादली खांद्याला अडकवली आणि तो उतरू लागला. मधाला निघालेला माणूस घरच्यांचा निरोप घेत नाही. निरोप घेतला की माणूस झाडाचा होतो, परत येत नाही, म्हणतात.

अर्ध्या जिन्यावरून जुसोह परत आला. लैलीला उचलून त्याने तिच्या घामेजल्या केसांत नाक खुपसलं आणि बराच वेळ तिचा वास घेत राहिला. मग गेला.

खाली, जुसोह परत वर गेलेला पाहून, पाक लाहचं हसणं अर्ध्यावर तुटलं होतं. पावलं रानाच्या वाटेला लागली.

लैलीने केसांवरून हात फिरवला.

"आई, बाबा जाताना असं कधीच करत नाहीत. आज का केलं?"