यादीतली शेवटची दोन पुस्तकं

हवालदाराने चहाचा कप कोपराने सरकवून टेबलावर कागद पसरला, तेव्हा निवृत्त ग्रंथपालांना ते पत्र आठवलं. तीन महिने उत्तराविना पडलेलं. तुरुंगात असलेल्या मास्तरांच्या बायकोने चारच ओळी लिहिल्या होत्या : ‘यांनी काय काय वाचलं त्याची यादी तुम्ही पोलिसांना दिलीत. त्या दिवशी त्यांनी तुम्हाला लेखी हुकूम दाखवला होता का? एवढंच कळवा.’

“इथे सही करा. हुकूम मिळाल्याची. तारीख आम्ही टाकलीय,” हवालदार म्हणाला.

तारीख गेल्या वर्षीची होती. यादी नेली त्या दिवशीची.

“असा कागद तेव्हा नव्हता,” ग्रंथपाल पुटपुटले.

“नव्हता म्हणूनच आणला ना, काका! सोमवारी सुनावणी आहे. मास्तरांच्या वकिलाने नेमकं इथेच बोट ठेवलंय.” त्याने काडीने दात कोरले आणि काडी बशीत टाकली.

वाचकाची नोंद लेखी हुकुमाशिवाय कोणालाही दाखवायची नाही, हे तीस वर्षं ग्रंथपालांनीच नव्या कारकुनांकडून घोकून घेतलं होतं. आणि गेल्या वर्षी पोलिसांचा साहेब वाचनालयाच्या दारात उभा राहिला, तर त्यांनी खुर्ची पुसून दिली, पंखा त्याच्याकडे वळवला, कार्डांचा अख्खा खण त्याच्यापुढे आणून ठेवला. साहेब बोटाला थुंकी लावून कार्डं उलटत होता. तेही त्यांनी चालवून घेतलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. साहेबाला पाचच पुस्तकं पुरे होती, पण अपुरी यादी ग्रंथपालांच्याने हातावेगळी होईना. मास्तरांनी मागितलेली, वाचनालयात कधी न आलेली दोन पुस्तकं त्यांनी मागणीच्या चिठ्ठ्यांतून हुडकली आणि लेखकाच्या नावासकट खाली लिहून दिली. “वा! याला म्हणतात काम,” असं साहेब म्हणाला, तेव्हा त्यांना चक्क बरं वाटलं होतं. पुढे आरोपपत्रात सगळा भर त्या दोन पुस्तकांवरच आला. मास्तर आठ महिन्यांपासून आत होते, न वाचलेल्या पुस्तकांपायी.

“बाबा, करून टाका सही,” सून दारातून म्हणाली. “उद्या पेन्शन अडवली म्हणजे? कशाला विस्तवाशी खेळ?”

“सूनबाईंना कळतं बघा!”

ग्रंथपालांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. “वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही मला. उद्या न्याल?”

हवालदार खो खो हसला. “वाचा, पाठ करा! तुम्ही कुठे पळून जाताय? उद्या अकराला येतो.”

तो गेल्यावर त्यांनी बशी दोनदा विसळली. मग टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर माफीच इतकी लांबली की मूळ उत्तराला जागा उरली नाही. दुसऱ्यावर स्वतःच्या वयाचं रडगाणं आलं. तो वाचून त्यांना आपलीच शिसारी आली. तिसऱ्यावर त्यांनी एवढंच लिहिलं : ‘ताई, हुकूम दाखवला नव्हता. मी मागितलाही नाही. यादीतली शेवटची दोन पुस्तकं मास्तरांनी पाहिलेलीसुद्धा नाहीत. ती मी आपल्या हौसेने जोडली. बोलवाल तिथे येऊन सांगेन. सोबतचा कागद आज सहीसाठी आणला होता.’

हवालदाराच्या कागदाची घडी करून त्यांनी ती पत्रात सरकवली, पाकीट चिकटवलं आणि चपला शोधू लागले.

सुनेने मोकळ्या टेबलाकडे पाहिलं, मग पाकिटाकडे.

“बाबा, उद्या तो आला की काय सांगू?”

“तू कशाला सांगतेस? मी असेन घरी.”

पोस्टात खिडकीपुढे चार माणसं होती. पाळी आली तेव्हा त्यांच्या तळव्याच्या घामाने पाकिटाची कड ओली झाली होती.

“सोमवारच्या आत मिळेल ना?”

“परवा हातात पडेल. रजिस्टर करू?” खिडकीमागच्या बाईने विचारलं.

“करा.”

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात भिरकावलं. ग्रंथपाल पोत्याकडे बघत तिथेच उभे राहिले.

“आजोबा, झालं ना तुमचं?” मागून कोणीतरी म्हणालं.

“हो, हो,” म्हणत ते बाजूला झाले.