जात्याजवळचं ऊन

"दगडामावशी, किती येळ गं? पोरगी आत गारठली."

गोजरबाईनं ओट्यावरूनच हाक दिली. अंगणात शेगडीपुढं उकिडव्या बसलेल्या दगडाबाईनं सुपाचा वारा थांबवला नाही.

"थांब की. निळी जीभ हाय अजून."

निळी जीभ तिला दिसत नव्हती. दिवाळीपासूनच दिसेनाशी झाली होती. एका हातानं सूप हलवायचं, दुसऱ्या हातात पदराआड माळ धरायची आणि खंडोबाचं नाव घेत मणी ओढायचे. बाभळीच्या कोळशावरची निळी ज्योत विझून नुसता लालभडक निखारा उरायला तीन माळा लागतात, हे तिनं नजर शाबूत होती तेव्हाच मोजून ठेवलं होतं. बाई नाव घेते आहे, एवढंच लोकांना कळायचं. ती नावाच्या आडून काय लपवते, ते देवालाच ठाऊक.

तिसरी माळ संपली. सांडशीनं शेगडी उचलून ती आत निघाली. उंबरा पायाला सवयीचा होता. याच खोलीत, बावीस वर्षांमागं, हीच गोजरबाई बाजेवर मुसमुसत पडली होती. सोळा वर्षांची पोर, धुरीनं डोळे चोळत म्हणाली होती, "मावशी, मला भाजून खाताय का काय?" आणि दगडाबाई हसली होती, "तुला खाऊन कुणाचं पोट भरायचं गं, चिमणे?" तेव्हा जन्मली ती चांगुणा. आता चांगुणा पहिलटकरीण होऊन माहेरी आली होती, आणि तिच्या कुशीत आठ दिवसांचा मुलगा होता.

पुणतांब्यात गोदेकाठची थंडी हाडात शिरते. मार्गशीर्ष-पौषात बाळंतीण झाली की गावात पहिली हाक दगडाबाईला. बाजेखालची शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, शेक, सगळं तिच्याच हातचं. सासवांना वाटे, बाळंतिणीला वारं लागेल. त्या सापडेल ती फट चिंध्यांनी बुजवत. दगडाबाई त्या चिंध्या काढी. धाब्यातलं सानं, म्हणजे छपरातलं ते हातभर भोक, उघडं असल्याशिवाय ती निखारा आत नेत नसे. आणि दुसऱ्या कुणी "निळं गेलं" म्हटलं म्हणून तिनं शेगडी कधी आत नेली नाही. स्वतः पाहिल्याशिवाय नाही. तो तिचा नेम होता, सोमवारासारखा.

नेमाला कारण होतं. तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात सासूनं मायेपोटीच निळी जीभ विझायच्या आत शेगडी बाजेखाली आणून दार, खिडकी, सानं, सगळं बंद करून घेतलं होतं. सकाळी दगडाबाई उलट्या करीत उठली. कुशीतली पोर उठली नाही. नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.

तिनं शेगडी बाजेखाली सरकवली. खोलीत अंधार दाट होता. सकाळची शेगडी देऊन गेली तेव्हापेक्षा दाट. लढाईपायी रॉकेल कंट्रोलात गेल्यापासून दिवसा चिमणी कुणी लावत नव्हतं. पण अंधाराचं दगडाबाईला आताशा नवल वाटत नसे. रोज थोडा वाढायचा. आज जरा जास्तच वाढला, असं मनाशी म्हणून ती भिंतीशी टेकली.

"आजी, डोकं लई जड झालंय गं," चांगुणा पुटपुटली.

"जागरनं हायती ती," दारातून गोजरबाई म्हणाली. "झोप जरा. म्या बाजरी निवडते भाईर."

गोजरबाईनं दार ओढून घेतलं. चांगुणा झोपली. बाळ दुधासाठी रडायची वेळ झाली होती, पण तेही निपचित होतं. ओव्याचा वास खोलीभर होता. दगडाबाईला वाटलं, दोघं निवांत आहेत. बाळाला घ्यावं मांडीवर.

बाळाला हात लावण्याआधी तळहात गरम करायची तिची जुनी खोड होती. शेगडीवर नाही, उन्हात. मार्गशीर्षात दुपारचं ऊन सान्यातून उतरून बरोबर जात्याजवळ पडे, भाकरीएवढं. गोजरबाईच्या वेळेलाही तिनं तिथंच हात शेकला होता. तिनं चाचपत जात्याच्या कडेला तळहात ठेवला.

सारवण गार होतं.

हात थोडा अलीकडं घेतला, पलीकडं नेला. गारच.

"गोजरे, आभाळ आलंय का गं?"

"न्हाई की. लख्ख ऊन हाय."

दगडाबाईनं तोंड वर, सान्याकडं केलं. हा अंधार तिच्या डोळ्यांचा नव्हता.

"सानं झाकलंय कुनी?"

"म्याच. सकाळी तू गेल्यावर वारं सुटलं, म्हून घमेलं टाकलं वर."

"दार उघड. पोराला घे. आधी पोराला घे, आन् भाईर ने."

आवाज चढला नव्हता, पण गोजरबाई निवडती बाजरी सांडून धावली. दगडाबाईनं बाजेखालची शेगडी ओढली. सांडशी हाती लागेना, म्हणून पदरानंच धरली आणि अंगणात नेऊन टाकली. परत येऊन चांगुणाला काखेत हात घालून उठवलं, ओढत ओट्यावर आणलं. चांगुणा ओकली, डोकं धरून बसली, आणि मग आईला ओळखून रडायला लागली. गोजरबाईच्या हातातल्या बाळानं आधी नुसतं तोंड उघडलं. दगडाबाई कान देऊन उभी राहिली. चाळीस वर्षांमागं ऐकू न आलेला आवाज आता तरी येऊ दे, एवढंच तिनं मागितलं.

बाळ रडलं. चांगलं खणखणीत.

चांगुणाला गूळ-पाणी दिलं. गोजरबाईनं धाब्यावर चढून घमेलं काढलं, खाली येऊन दगडाबाईच्या भाजलेल्या हातावर तूप चोळलं. खालच्या आवाजात म्हणाली, "चूक माझी हाय, मावशी. घमेलं म्या टाकलं. कुनाला कळायचं न्हाई, तू काई बोलू नगं."

दगडाबाई बोलली नसती तर चाललं असतं. पण गावात अजून तीन पोटुशा होत्या, त्यांच्या शेगड्याही तिच्याच हातच्या असणार होत्या.

"घमेलं तू टाकलंस," दगडाबाई म्हणाली. "पर आत आल्यावर अंधार मला कळाय पाहिजे हुता. माझं डोळं गेल्यात, गोजरे. दिवाळीपासून म्या माळ मोजून शेगडी देते."

गोजरबाईचा हात थांबला. "मग निळी जीभ हाय म्हनत हुतीस ते?"

"देवाला इचारून सांगत हुते."

गोजरबाईला हसू आलं आणि ते डोळ्यांतून निघालं.

दगडाबाईनं आत जाऊन बाजेखाली चाचपून सांडशी शोधली, पदरानं पुसली आणि बाहेर येऊन गोजरबाईच्या हातात दिली. "नवा कोळसा पेटव. निळं दिसतंय तवर आत आनायचा न्हाई. कुनी किती का घाई करंना."

"आन् तू?"

"म्या बसते आत, पोरापाशी."

चांगुणाला पुन्हा बाजेवर निजवलं. दार उघडं होतं, सानं उघडं होतं. दगडाबाईनं जात्याजवळ तळहात ठेवला. या खेपेला ऊन होतं, पूर्वी असायचं तिथंच. सरकत होतं, तसा तिनं हातही सरकवला, आणि मग तोच ऊबदार हात बाळाच्या छातीवर ठेवला.

बाहेर सूप वाजत होतं. बऱ्याच वेळानं थांबलं.

"मावशी, निळं गेलं."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

दगडाबाईनं बाळाच्या छातीवरचा हात उचलला नाही.

"मग आन आत," ती म्हणाली.