हाराखालची रिकामी डिस्क

“सर, नवी डिस्क आणून नारळसुद्धा फोडला, तरी हा डबा ‘जागा नाही, जागा नाही’ का करतो?”

पालकसभेत सगळ्यांसमोर हे विचारायची पैज मैत्रिणींनी मोहिनीशी लावली होती. नववीतली मोहिनी ताडकन उठली आणि विचारून मोकळी झाली. मागे खसखस पिकली.

तो डबा म्हणजे मी. मित्रांनो, मी शहाद्याजवळच्या एका शाळेतला जुना फाइल सर्व्हर आहे. माझी हाडं पत्र्याची, पोटात एक डिस्क आणि डोक्यात लिनक्स. आधी एका कचेरीत राबलो, मग देणगी म्हणून इथे आलो. निकाल, फोटो, मुलांचे प्रकल्प, सगळं पोटात घेतलं. तेव्हा मुख्याध्यापक करणसिंग सर मला ‘शाळेचं कपाट’ म्हणायचे. काय ऐट होती माझी!

पण माझ्यातली खरी ठेव वेगळीच होती. मोहिनीची मैत्रीण रमिला वसतिगृहात राहते. तिची आजी भिकुबाई सातपुड्यातून तिला भेटायला आली, तेव्हा या दोघी मैत्रिणींनी शाळेच्या मोबाइलवर आजीची पावरी बोलीतली गाणी रेकॉर्ड केली आणि माझ्यात ठेवली. गाता गाता आजी मध्येच खुदकन हसायची. दिवाळीनंतर आजी वारली. मग रमिला मधल्या सुट्टीत यायची, हेडफोन लावायची आणि ते हसणंच पुन्हा पुन्हा ऐकायची.

इकडे माझं पोट तुडुंब भरलं. एकाच स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ प्रत्येक शिक्षकाने आपापल्या फोल्डरात वेगळा ठेवलेला! म्हणून पालक समितीने नवी डिस्क आणली. दुरुस्तीवाल्याने ती बसवली, ‘नवीन’ नावाच्या फोल्डरला जोडली, “उद्या येऊन पक्की नोंद करतो” म्हणाला आणि गेला.

तो यायच्या आत मुहूर्त आला. आपल्याकडे मोटारसायकल असो की विहिरीवरची मोटर, पूजेशिवाय नव्या वस्तूला कोण हात लावतं? समितीचे अध्यक्ष हेमकांतभाऊ, म्हणजे मोहिनीचे पप्पा, गरजले, “आधी बंद करा तो डबा! चालू मशीननी पूजा व्हस का कधी?”

मला बंद केलं. डिस्क ताटात ठेवून हळदकुंकू वाहिलं, परत खोचली, नारळ फोडला, माझ्यापुढे पेढा ठेवला आणि हार माझ्या डोक्यावर टाकला. मी सुरू झालो, पण दुरुस्तीवाला पुन्हा फिरकलाच नाही, पक्की नोंदच नव्हती, मग ती डिस्क जोडायची हे मला कोण सांगणार? ‘नवीन’ फोल्डर मात्र पाटीसारखा जागच्या जागी होता. सगळे खुशाल त्यात भरत राहिले आणि ते सगळं माझ्याच जुन्या पोटात जात राहिलं. पूजेचे व्हिडिओसुद्धा!

मी ‘जागा नाही’ म्हणून ओरडत राहिलो. सभेच्या आदल्या दिवशी हेमकांतभाऊ सरांना म्हणाले, “ते डोंगरनं गाणंबिणं काढी टाका ना सर. कोन आयकस?”

सरांनी पुसलं. दुसरी प्रत कुठेच नव्हती. स्नेहसंमेलनाच्या सगळ्या प्रती मात्र सुखरूप राहिल्या.

आणि आज हा प्रश्न. सर हसले, “तूच बघ, मोठी हुशार!” मोहिनी माझ्यापाशी धावली. मागून सर आले, तिचे पप्पा-मम्मी आले. तिने जागेचा हिशेब मागितला. नवी डिस्क त्यात नव्हतीच. सरांकडून पासवर्ड घेऊन तिने ती जोडली. आत एकही फाइल नव्हती.

“पप्पा, पुरी रिकामी शे!”

मग तिने आजीचा फोल्डर शोधला. पुन्हा शोधला. दारात रमिला उभी होती. तिने हातातला हेडफोन टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

मित्रांनो, मला हार घालू नका. पेढा तर मला खाताच येत नाही. मी ओरडलो, तर का ओरडतो ते बघा. आणि पुसायच्या आधी, ज्याचं आहे त्याला तरी विचारा.

मोहिनीने वाळका हार माझ्यावरून ओढून काढला आणि पप्पांच्या हातात दिला.

“पप्पा, मम्मी, सुट्टीमा मी सुरतले मामाकडे येत नही. रमिला हो म्हननी तर तिनासंगे डोंगरमा जासू. आजीनी गाणी ज्या बायासले येतस, त्यासना आवाज मोबाइलमा भरी लई येसू. आजीनं हासनं आते नही भेटाव, मले मालूम शे.” मग ती पप्पांकडे वळली. “आनि पप्पा, डिस्कनी पक्की नोंद मी करसू. तुम्ही नारळ फोडाले येऊ नका.”